मोठ्या गॅरेजच्या दाराला ओपनर: आधी दार तपासा, मग मोटर निवडा

मोठ्या गॅरेजला ओपनर, म्हणजे दार वर-खाली करणारी मोटर, बसवायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतात. दार सोळा फूट रुंद, जाडजूड, दोन गाड्या शेजारी शेजारी मावतील एवढं. मग मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची पुरेल, की सव्वाची घ्यावी? हा प्रश्न विचारायला हवाच, पण त्याचा नंबर बराच नंतरचा. दाराचं वजन पेलण्याचं काम मोटरकडे नसतं, ते स्प्रिंगकडे असतं. ही एक गोष्ट नीट समजली की निवड, बसवणी आणि सुरक्षितता या तिन्ही बाबतींतले निम्मे घोळ टळतात.

आधी दाराची रचना पाहू. आडव्या पॅनलचं, वर सरकत छताखाली आडवं होणारं दार डोळ्यांसमोर आणा. पॅनल एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेले असतात आणि दोन्ही बाजूंचे रोलर ट्रॅकमधून धावतात. दाराच्या वर, भिंतीलगत एक आडवा शाफ्ट असतो आणि त्यावर एक किंवा दोन जाड टॉर्शन स्प्रिंग बसवलेल्या असतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना ड्रम असतात. त्यांवर गुंडाळलेल्या पोलादी केबल खाली येऊन दाराच्या तळाच्या कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटला अडकवलेल्या असतात. दार खाली येतं तेव्हा ड्रमवरून केबल सुटते, शाफ्ट फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. दार वर जाताना तोच पीळ सुटतो आणि केबल वर ओढली जाते.

यातला खरा हिशेब असा. दार पूर्ण बंद असताना त्याचं सगळं वजन केबलवर असतं आणि स्प्रिंगला पीळही सर्वांत जास्त असतो. दार वर जाऊ लागलं की वरचे पॅनल वळून आडव्या ट्रॅकवर जातात. त्यांचं वजन ट्रॅक घेतो, केबलवरचा भार कमी होतो, आणि तेवढ्यातच स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. दोन्ही गोष्टी एका मापाने कमी होत गेल्या की प्रवासात कुठेही थांबलं तरी दार तोललेल्या तराजूसारखं जागच्या जागी राहतं. सोळा बाय सात फुटांचं साध्या पत्र्याचं दार साधारण ६० ते ७० किलोचं असतं. आत इन्सुलेशन भरलेलं दुपदरी दार शंभरच्या आसपास जातं. भरीव लाकडी दार दीडशेच्याही पुढे. पण स्प्रिंग बरोबर लावलेली असेल तर यातलं कोणतंही दार एका हाताने उचलता येतं. मोटरच्या वाट्याला उरतं ते थोडंसं घर्षण आणि दाराला गती देण्याचं काम.

म्हणूनच ओपनर विकत घेण्याआधी दार हाताने तपासायचं. आधीचं ओपनर असेल तर दार पूर्ण बंद करा, मोटरचा प्लग काढा आणि ट्रॉलीला, म्हणजे छताखालच्या रेलवरून सरकत दार ओढणाऱ्या भागाला, लटकणारी लाल दोरी ओढून दार मोकळं करा. हे दार बंद असतानाच करायचं. उघड्या दाराची स्प्रिंग तुटलेली असेल आणि तुम्ही दोरी ओढली, तर ते आख्खं दार खाली कोसळू शकतं. आता दोन्ही हातांनी दार उचला. गुडघ्याच्या उंचीला थांबा, कमरेला थांबा, छातीशी थांबा. अर्ध्यावर आणून हात सैल सोडा, पण लांब नेऊ नका. दार जागेवर राहिलं किंवा बोटभर सरकून थांबलं तर तोल चांगला आहे. खाली बसू लागलं तर स्प्रिंग कमी पडते आहे. आपोआप वर जाऊ लागलं तर पीळ जास्त आहे. बंद दार जागचं हलतच नसेल तर स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता मोठी. वर शाफ्टकडे बघा, तुटलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये दोन-तीन इंचांची फट स्पष्ट दिसते.

उचलताना हातालाही बरंच कळतं. एकाच ठिकाणी दार अडतंय का, एक बाजू दुसरीच्या मागे राहते का, एखादा रोलर फिरायच्या ऐवजी घासत चालला आहे का, हे सगळं नोंदवून ठेवा. वाकलेला ट्रॅक, झिजलेली बिजागरी किंवा तारा सुटलेली केबल हे दोष मोटर बसवण्याआधीच दूर करायचे. मोटर ते दोष झाकते, आणि आतल्या आत झिजत राहते.

स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावायचा नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. पीळ भरलेल्या टॉर्शन स्प्रिंगमध्ये शंभर किलोचं दार वर नेण्याइतकी ऊर्जा साठवलेली असते. चुकीच्या मापाचा बार भोकात घालून पीळ द्यायला गेलं आणि बार निसटला, तर मनगट, जबडा, काहीही मोडू शकतं. दाराच्या तळाचे केबलचे ब्रॅकेटही याच ताणाखाली असतात. त्यांचे स्क्रू साफसफाईच्या नावाखालीसुद्धा सैल करू नयेत. हे काम करणारा फिटर योग्य मापाचे बार घेऊन येतो आणि दाराचं वजन करून स्प्रिंग निवडतो. साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघड-बंद होण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. दिवसातून चार वेळा दार उघडलं-मिटलं तर हे आयुष्य सात वर्षांच्या आत संपतं. दार जुनं असेल तर नवीन ओपनरच्या आधी स्प्रिंगचं वय विचारा. दोन स्प्रिंग असतील आणि एक तुटली, तर दुसरीही बदला. तिनेही तेवढेच फेरे मारलेले असतात.

किती ताकद, कोणता प्रकार

आता मोटरकडे येऊ. काही ओपनरवर हॉर्सपॉवर लिहिलेली असते, काहींवर न्यूटन. न्यूटनचा आकडा जास्त उपयोगाचा, कारण तो थेट ओढण्याची ताकद सांगतो. त्याला दहाने भागलं की ढोबळमानाने किलोतली ओढ कळते: ८०० न्यूटन म्हणजे जवळपास ८० किलोची ओढ. पण ती कमाल ओढ असते, दार हलवताना क्षणभर लागणारी. सतत तेवढा भार घेऊन चालण्यासाठी घरगुती मोटर बनवलेली नसते. तोललेल्या दाराला एवढी ओढ लागतही नाही; उरलेली ताकद थंडीत घट्ट झालेलं ग्रीस, वाऱ्याचा दाब, रबराची चिकटलेली पट्टी अशा वेळी कामाला येते. मोठ्या दाराच्या बाबतीत ही शिलकी ताकद महत्त्वाची ठरते. म्हणून हलक्या एकेरी दाराला अर्धा हॉर्सपॉवर चालत असेल, तर सोळा-अठरा फुटी इन्सुलेटेड दाराला पाऊण घ्यावा, आणि लाकडी दाराला त्याच्या वरचा. दार तोललेलं नसताना मोठी मोटर घेणं हा उपाय नाही. तसं केलं की सर्वांत आधी आतलं प्लास्टिकचं गिअर झिजतं, नाहीतर वरचा पॅनल वाकतो.

मोटर डीसी असली तर बरं. ती हळू सुरू होते, हळू थांबते, आणि मोठ्या दाराला शेवटच्या फुटावर बसणारे धक्के कमी होतात. बॅटरीवर चालवणंही तिच्यात सोपं असतं.

ओढण्याची पद्धत तीन-चार प्रकारची. साखळीवाला ओपनर दणकट आणि स्वस्त, पण आवाज करतो. गॅरेजच्या वर किंवा भिंतीपलीकडे झोपायची खोली असेल तर पट्ट्याचा घ्या. आतून पोलादी तारांनी मजबूत केलेला चांगला पट्टा जड दारालाही पुरतो. स्क्रूवाल्या प्रकारात हलणारे भाग कमी असतात, पण थंडी-उन्हाच्या मोठ्या फरकात त्याला तेलपाणी नियमित लागतं.

चौथा प्रकार मोठ्या दारांसाठी सगळ्यांत विचार करण्यासारखा: भिंतीवर, शाफ्टच्या टोकाशी बसणारा जॅकशाफ्ट. यात छताखाली रेल नाही, ट्रॉली नाही. मोटर थेट शाफ्ट फिरवते, त्यामुळे ओढ वरच्या पॅनलच्या मधल्या एका बिंदूवर न पडता दोन्ही केबलमधून दाराच्या तळाशी सारखी वाटली जाते. छत खूप उंच असेल, दार भिंतीलगत सरळ वर जाऊन मग वळत असेल, किंवा छताखाली दिवे, तुळया, साठवणीचे माळे असतील, तर हाच घ्यावा. त्याच्या अटीही समजून घ्या. दार टॉर्शन स्प्रिंगचंच हवं; बाजूला ताणलेल्या लांब स्प्रिंगच्या दाराला तो चालत नाही. शाफ्टचं टोक बेअरिंगच्या बाहेर आलेलं असावं आणि त्या बाजूला साधारण आठ इंच जागा मोकळी असावी. आणि केबलचा ताण ओळखणारा सेन्सर लावायलाच हवा. कारण जॅकशाफ्ट दाराला खाली ढकलत नाही, फक्त केबल सोडतो. दार वाटेत अडकलं आणि मोटर फिरतच राहिली, तर केबल सैल पडून ड्रमवरून उतरते. मग दार एका बाजूने तिरकं होऊन ट्रॅकमध्ये फसतं. सेन्सर केबल ढिली पडताच मोटर थांबवतो. याच कारणासाठी या प्रकारात दार पुरेसं जडही असावं लागतं: खाली येताना त्याने स्वतःच्या वजनाने केबल सतत ताणून धरायला हवी.

रेलवाला ओपनर घेत असाल तर दाराची उंची मोजल्याशिवाय खोका उचलू नका. साधी रेल सात फुटी दाराच्या हिशेबाने येते. आठ फुटी दाराला वाढीव रेल लागते. मोठ्या गॅरेजची दारं बऱ्याचदा आठ फुटी असतात, आणि हे बसवायच्या दिवशी शिडीवर उभं राहून कळतं.

बसवणी

बसवणीतलं सर्वांत महत्त्वाचं माप दार स्वतःच देतं. हाताने दार हळूहळू उघडा आणि वरच्या पॅनलच्या वरच्या कडेकडे लक्ष ठेवा. ती कड आधी थोडी वर चढते आणि मग मागे वळून आडवी होते. ती सर्वांत वर असताना जमिनीपासूनची उंची मोजा. त्यात दोन इंच मिळवा, आणि तीच उंची दाराच्या वर भिंतीवर आतून खुणा करून उमटवा. आता दाराची मधली उभी रेघ काढा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे भिंतीचा ब्रॅकेट बसतो. दोन इंचांची ही मोकळीक ठेवली नाही तर दार वर जाताना रेलला घासतं. मधोमध स्प्रिंगचा बेअरिंग ब्रॅकेट येत असेल तर ओपनरचा ब्रॅकेट थोडा बाजूला घेता येतो. मग दारावरचा ब्रॅकेट आणि मागची मोटरही तेवढीच सरकवायची, नाहीतर रेल तिरकी होते.

हा भिंतीचा ब्रॅकेट दार बंद होताना आणि उघडताना सगळा झटका खातो. त्याचे बोल्ट प्लास्टरमध्ये नव्हे, मागच्या भरीव लाकडात किंवा काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत. मागे पोकळ ब्लॉक असतील तर दोन भरीव आधारांवर जाणारी जाड लाकडी फळी किंवा पोलादी पट्टी आधी पक्की करा आणि तिच्यावर ब्रॅकेट लावा. मोटरचंही तसंच. ती छताच्या तुळईला भोकांच्या पट्ट्यांनी लटकवतात. नुसत्या दोन उभ्या पट्ट्यांवर ती प्रत्येक वेळी झुलते. तिसरी तिरकी पट्टी लावली की झुलणं थांबतं आणि आवाजही बराच उतरतो. पट्टी आणि तुळई यांच्यामध्ये रबराचे तुकडे घातले तर अजून बरं.

मोठ्या दारात वरच्या पॅनलला मजबुती देणं सोडू नका. सोळा फुटी पातळ पत्र्याच्या पॅनलला मधोमध ओढलं की तो धनुष्यासारखा वाकतो, आणि काही महिन्यांत ओपनरच्या ब्रॅकेटभोवती पत्रा फाटतो. म्हणून पॅनलच्या पूर्ण रुंदीला यू आकाराची पोलादी पट्टी लावतात आणि ओपनरचा हात मधल्या उभ्या पट्टीला जोडतात. या पोलादाचं वजन दारात भर घालतं, त्यामुळे ते लावल्यावर तोलाची परीक्षा पुन्हा घ्यायची. दाराला नंतर इन्सुलेशन चिकटवलं, काचेचे पॅनल बसवले, तरी तेच.

जुन्या दाराला हाताने ओढायची दोरी आणि कडी असते. दोन्ही काढून टाका. कडी लागलेली असताना कुणी रिमोट दाबला तर मोटर बंद दाराला ओढते आणि पॅनल चुरगळतो. दोरीत मुलाचा हात किंवा गळा अडकू शकतो. विजेसाठी मोटरजवळच अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट घ्या. लोंबकळणारा एक्स्टेन्शन बोर्ड इथे चालणार नाही. भिंतीवरचं बटण जमिनीपासून किमान पाच फुटांवर आणि दार समोर दिसेल अशा जागी लावतात, म्हणजे लहान मुलांचा हात पोचत नाही आणि दाबणाऱ्याला दाराखाली कोण आहे ते दिसतं.

ज्या दोन परीक्षा टाळायच्या नाहीत

ओपनरच्या दाराखाली मुलं सापडून जीव गेल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला अडकण्यापासून वाचवणारी व्यवस्था सक्तीची झाली. आज जवळपास सगळीकडे दिसणारे दाराच्या दोन बाजूंचे फोटो सेन्सर त्याचंच फळ. पहिली परीक्षा याच सेन्सरची. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर लावायचे नाहीत. वर लावले तर रांगतं मूल किरणाच्या खालून जाईल. सेन्सर ट्रॅकला सैलसर अडकवले तर दाराच्या कंपनाने दिशा बदलतात. भिंतीला घट्ट बसवा. एक सेन्सर प्रकाश सोडतो, दुसरा घेतो. प्रकाश घेणाऱ्याच्या डोळ्यात कलतं ऊन येत असेल तर तो गोंधळतो आणि दार बंद व्हायला नकार देतं. घेणारा सेन्सर सावलीच्या बाजूला लावा.

दुसरी परीक्षा दाबाची. आधी वर-खाली थांबण्याच्या मर्यादा ठरवा, मग बळ ठरवा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही चुकतं. बळ जितक्या कमीत दार व्यवस्थित चालेल तितकंच ठेवायचं. मग दाराच्या मधोमध जमिनीवर सुमारे ३८ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि दार बंद करा. पट्टीला लागताच दोन सेकंदांच्या आत दार उलटं फिरून वर गेलं पाहिजे. पट्टीवर येऊन नुसतं थांबलं, तर बहुधा खालची मर्यादा थोडी वर राहिली आहे. मोटरला वाटतं आपण पोचलो. ती किंचित खाली घ्या आणि पुन्हा बघा. युरोपातला नियम दाबच मोजतो: मधे काही सापडलं तर जोर ४०० न्यूटनच्या वर जाऊ नये आणि पाऊण सेकंदात १५० न्यूटनच्या खाली यावा.

दार मधेच थांबतं किंवा उगाच उलटं फिरतं म्हणून बळाची सेटिंग वाढवत नेणं ही सर्वांत धोकादायक सवय. दार उलटं फिरतंय म्हणजे त्याला काहीतरी अडतंय. स्प्रिंग सैल झाली असेल, रोलर अडकला असेल. बळ वाढवलं की ओपनर तो दोष पेलू लागतो, आणि त्याच बळाने तो माणसालाही दाबू शकतो. पट्टीची परीक्षा महिन्यातून एकदा घ्या, तोलाची वर्षातून दोनदा. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंग यांवर सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारा. ट्रॅकच्या आत मात्र काहीही लावू नका, तिथे धूळ चिकटून रोलर घसरतात.

रिमोटबद्दल थोडक्यात. जुने रिमोट दर वेळी तोच कोड पाठवायचे. २०१५ मध्ये सुरक्षा संशोधक सॅमी कामकर यांनी एका खेळण्यात बदल करून असे ठरावीक कोडचे ओपनर दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवून दिलं. दर वेळी बदलणाऱ्या, म्हणजे रोलिंग कोडचाच ओपनर घ्या, आणि जुना छोट्या स्विचांचा रिसीव्हर असेल तर बदला. नवीन एलईडी दिवा लावल्यावर रिमोट अचानक जवळ येऊनच चालू लागला तर दोष रिमोटचा नसेल. काही एलईडी दिव्यांचे सर्किट रेडिओ लहरींत गोंधळ करतात. दिवा काढून बघा. फोनवरून दार बंद करण्याची सोय असेल तर बंद होण्याआधी दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो की नाही ते तपासा, कारण तेव्हा दारासमोर तुम्ही नसता.

वीज गेली तर काय, हेही विकत घेतानाच ठरवायचं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यामुळे काही लोकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत. तिथे १ जुलै २०१९ पासून नव्या घरगुती ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. जड दाराला बॅटरी घ्याच. दार तोललेलं असेल तर लाल दोरी ओढून हातानेही उघडता येतं. ही दोरी जमिनीपासून सहा फुटांच्या आसपास लटकावी, गाडीच्या टपाला अडकणार नाही अशी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती एकदा ओढायला लावा. आणि गॅरेजला दुसरं दार नसेल, तर बाहेरून किल्लीने ट्रॉली सोडवता येईल असं कुलूप याच वेळी बसवून घ्या. नाहीतर बॅटरीही उतरली की दोरी आत आणि तुम्ही बाहेर.